वाट दाखव, मग मत दे

चि. ओंकार,


रात्री गेम खेळताना हेडफोनवरून तुमच्या टोळीत एचआयव्हीवर जी हुज्जत चालते, तिच्याबद्दल तू लिहिलंस ते बरं केलंस. एक म्हणतो डासातून होतो, दुसरा म्हणतो एका बाटलीनं पाणी प्यायलं की होतो, तिसरा गेमिंग कॅफेतला हेडफोन कानाला लावायला घाबरतो, आणि शेवटी जो वादात हरेल त्याला ‘तुलाच झालाय’ म्हणून चिडवलं जातं. यातलं खरं काय, असं तू विचारलंस. हो आणि नाही अशी उत्तरांची यादी पाठवणं सोपं होतं. पण उद्या कुणी नवीनच शंका काढली की ती यादी कामाला येणार नाही. म्हणून विचार करण्याची एक रीत सांगतो. संसर्गाबद्दल कुणी काहीही ठासून सांगितलं की दोन गोष्टी विचारायच्या: विषाणू एका शरीरातून दुसऱ्या शरीरात नेमका कोणत्या वाटेनं जातो, आणि त्या वाटेनं तो गेल्याचं प्रत्यक्ष माणसांमध्ये आढळलं आहे का? या दोन्ही प्रश्नांना उत्तर नसेल, तर सांगणाऱ्याचा आवाज कितीही चढलेला असो, ते खरं मानायचं नाही.

तुम्हा खेळणाऱ्यांच्या मनात साथीचं एक चित्र आधीच पक्कं बसलेलं असतं. सप्टेंबर २००५ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात ‘करप्टेड ब्लड’ नावाचा रोग पसरला. तो एका बलाढ्य शत्रूशी लढणाऱ्यांपुरताच ठेवलेला होता, पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर तो शहरांत शिरला. जवळ आलं की लागण, अशी त्याची रचना असल्यामुळे शहरांत सांगाड्यांचा खच पडला आणि अखेर कंपनीला सर्व्हर पूर्ववत करावे लागले. साथींच्या अभ्यासकांनी पुढे या घटनेवर शोधनिबंध लिहिले, कारण जवळिकीतून रोग पसरू लागला की माणसं कशी वागतात याचा तो नमुना होता. गोवर, फ्लू, कोविड यांना हे चित्र बऱ्यापैकी लागू पडतं. एचआयव्हीला ते लागू पडत नाही. तुमच्या वादातली बहुतेक चुकीची मतं याच एका गोंधळातून येतात: जवळ असणं म्हणजे धोका, हा दुसऱ्या रोगांचा नियम तुम्ही या विषाणूला लावता.

आता या विषाणूची वाट पाहा. एचआयव्हीला वाढायला माणसाच्या रोगप्रतिकारक पेशी लागतात, मुख्यतः सीडी४ नावाच्या. त्यामुळे लागण होण्यासाठी चार गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात: ज्या द्रवात विषाणू आहे तो द्रव, त्यात विषाणूचं पुरेसं प्रमाण, दुसऱ्या शरीरात पोहोचेपर्यंत त्याचं टिकून राहणं, आणि त्या पेशींपर्यंत नेणारं दार. पुरेसं प्रमाण असतं ते रक्तात, वीर्यात, योनीतल्या आणि गुदाशयातल्या स्रावात आणि आईच्या दुधात. दार म्हणजे योनी, गुदाशय किंवा शिश्नाचा नाजूक पडदा, सुईनं थेट उघडलेली शीर, किंवा गर्भारपण, बाळंतपण आणि अंगावर पाजणं. बाटलीच्या तोंडाला लागते ती लाळ. तिच्यात विषाणू असलाच तर नगण्य असतो आणि लाळेतले काही घटक त्याला निष्प्रभ करतात. हेडफोनला आणि कंट्रोलरला लागतो तो घाम. घामातून एचआयव्ही पसरत नाही. डास रक्त ओढतो एका नळीनं आणि स्वतःची लाळ सोडतो दुसरीनं. आधीच्या माणसाचं रक्त तो पुढच्याच्या अंगात सोडत नाही. मलेरियाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढतो आणि त्याच्या लाळेपर्यंत पोहोचतो, म्हणून मलेरिया होतो. एचआयव्ही डासाच्या पोटात वाढत नाही, तो पचून जातो.

हे सगळं कागदावरचं तर्कशास्त्र आहे, असं तुझा एखादा मित्र म्हणेल. त्याचं बरोबर आहे, म्हणूनच दुसरा प्रश्न लागतो. १९८६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एड्सच्या ३९ रुग्णांच्या घरातली १०१ माणसं तपासली. ही माणसं रुग्णाबरोबर एकाच घरात राहत होती, तीच भांडी, तोच संडास वापरत होती. त्यांच्यापैकी फक्त एका लहान मुलात लागण आढळली, आणि ती बहुधा जन्माच्या वेळी आईकडून आलेली होती. डासांबद्दल तर याहून सोपा पुरावा आहे. डास वय पाहून चावत नाही. त्याच्यातून एचआयव्ही पसरत असता, तर आपल्याकडच्या मलेरियाच्या पट्ट्यांत शाळकरी मुलं आणि म्हातारी माणसंही तरुणांइतकीच बाधित दिसली असती. प्रत्यक्षात लागण दिसते ती मुख्यतः लैंगिकदृष्ट्या सक्रिय वयात, आणि लहान मुलांमध्ये बहुतांशी आईकडून आलेली. कोण आजारी पडतं आणि कोण पडत नाही, हा साथीनं स्वतःच दिलेला जबाब असतो.

हुज्जत घालणारा इथे पुढचा मुद्दा काढेल: शरीराबाहेर विषाणू टिकत नाही म्हणता, मग सुईतून कसा पसरतो? प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तरही वाटेतच आहे. उघड्यावर सांडलेलं रक्त वाळतं तसा त्यातला विषाणू झपाट्यानं निकामी होतो. बंद सिरिंजच्या आत मात्र रक्त ओलं राहतं, आणि तिथे तो काही आठवडेही जिवंत राहू शकतो असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. शिवाय सुई त्याला थेट रक्तात सोडते. म्हणून नशेसाठी एकच सुई अनेकांनी वापरणं अत्यंत धोक्याचं आहे. टेबलावरच्या वाळलेल्या डागाची आणि त्या सुईची वाट वेगळी, म्हणून धोकाही वेगळा. बाधित रक्ताची सुई रुग्णालयातल्या कर्मचाऱ्याला टोचली, तर एचआयव्हीची लागण सरासरी हजारात तिघांना होते. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याचा धोका याच्या कित्येक पट, अगदी शंभरात तीसपर्यंत असू शकतो. म्हणून दाढीला आणि गोंदवायला नवं पातं, नवी सुई मागायचीच. फक्त त्यामागचं कारण एकट्या एचआयव्हीपेक्षा मोठं आहे.

सर्वांत चिवट आक्षेप असा: विज्ञान ‘शंभर टक्के नाही’ असं कधीच म्हणत नाही, मग धोका शून्य आहे असं कुणी कसं म्हणावं? याचं उत्तर चिकाटीच्या मोजणीतून आलं. २०११ मध्ये नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात पुण्यातलं आणि चेन्नईतलं केंद्रही होतं. प्रत्येक जोडप्यातल्या एका जोडीदाराला एचआयव्ही होता. त्याला लवकर औषधं सुरू केली, तेव्हा दुसऱ्या जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. पुढे युरोपात, औषधांमुळे ज्यांच्या रक्तात विषाणू सापडेनासा झाला आहे अशांची जोडपी अभ्यासली गेली. २०१६ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात सुमारे ५८ हजार आणि २०१९ मध्ये छापून आलेल्या दुसऱ्या अभ्यासात समलिंगी पुरुष जोडप्यांचे सुमारे ७६ हजार निरोधाशिवायचे संबंध मोजले गेले. जोडीदाराकडून लागण झाल्याची एकही घटना नव्हती. दुसऱ्या अभ्यासात पंधरा जणांना लागण झाली खरी, पण विषाणूंची जनुकीय तुलना केल्यावर ती जोडीदाराकडून नव्हे, बाहेरून आल्याचं सिद्ध झालं. नियमित औषध घेणाऱ्या आणि विषाणू सापडेनासा झालेल्या माणसाकडून लैंगिक संबंधांतून लागण होत नाही, हे विधान अशा तपासणीवर उभं आहे. ‘काहीही होऊ शकतं’ या वाक्यामागे असं काहीच नसतं.

मग कुणी म्हणेल, जास्त घाबरलं तर बिघडतं काय? बिघडतं, आणि त्याची किंमत दुसरे मोजतात. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणानं रक्तदान केलं आणि त्यातून त्याला एचआयव्ही असल्याचं उघड झालं. राज्याच्या कायद्याचा आधार घेऊन पोलिसांनी त्याला नेलं आणि क्षयरोग्यांच्या एका जुन्या इमारतीत ६४ दिवस एकटं कोंडून ठेवलं. एका घरात राहिल्यानं हा विषाणू पसरत नाही, हे त्याच्या तीन वर्षं आधी छापून आलं होतं. ज्ञान होतं, पण भीती पुढे धावली. २००६ मध्ये ‘हॅबो हॉटेल’ या ऑनलाइन खेळात टोळक्यानं पोहण्याच्या तलावाची वाट अडवून ‘एड्समुळे तलाव बंद’ अशी आरोळी ठोकली. त्यांच्या लेखी ती गंमत होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या अलाबामात एचआयव्ही असलेल्या दोन वर्षांच्या मुलाला एका पर्यटन तळावरच्या तलावात खरोखर उतरू दिलं नाही. एकामुळे दुसरं घडलं असं मी म्हणत नाही. दोन्हींच्या मुळाशी एकच खोटी समजूत होती, एवढं खरं. भारतात आज सुमारे २५ लाख माणसं एचआयव्हीसह जगतात, त्यांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे. तुमच्या टोळीतला एखादा त्यांच्यापैकी असू शकतो, किंवा एखाद्याचे आई-वडील. जिथे या आजाराची शिवी होते, तिथे तो बोलणार नाही, आणि ज्याला शंका आहे तो तपासणीला जाणार नाही. तपासणी टळली की उपचार टळतो, आणि उपचार टळला की विषाणू पसरत राहतो. म्हणजे खोट्या भीतीनं संसर्ग थांबत नाही, उलट वाढतो.

खरा धोका समजला तर मुलं बेफिकीर होतील, ही शंका मोठ्या माणसांची असते. मला उलट वाटतं. बाटलीला आणि डासाला घाबरण्यात ज्याचं सगळं लक्ष खर्च होतं, त्याला निरोधाशिवायच्या संबंधांची खरी वाट दिसत नाही. तेव्हा हे पक्कं लक्षात ठेव. संबंधांत निरोध वापरायचा. सुई कुणाचीही, कधीही वापरायची नाही. धोका पत्करला गेलाच, तर ७२ तासांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं उत्तम, डॉक्टरांकडे जायचं. २८ दिवसांची प्रतिबंधक औषधं मिळतात. तपासणी सरकारी रुग्णालयांतल्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रांत (आयसीटीसी) मोफत होते आणि गुप्त ठेवली जाते; लागण झाल्यावर लगेच चाचणीत दिसत नाही, म्हणून पुन्हा कधी यायचं हे तिथे विचारून घ्यायचं. १०९७ या क्रमांकावर फुकट माहिती मिळते. उपचाराची औषधं सरकार २००४ पासून मोफत देतं, आणि आईला वेळेवर औषधं मिळाली तर बाळाला लागण होण्याचा धोका पाच टक्क्यांच्याही खाली येतो. २०१७ चा कायदा नोकरी, शिक्षण आणि उपचारांत भेदभावाला बंदी करतो आणि एचआयव्ही असलेल्यांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला शिक्षेची तरतूद करतो.

चेष्टामस्करीला माझी हरकत नाही. ती नसेल तर मैत्री कसली. पण पुढच्या वेळी कुणी काही ठोकून दिलं, तर त्याला हिणवू नकोस आणि गप्पही बसू नकोस. शांतपणे एवढंच विचार: वाट कोणती आणि पुरावा कुठला? उत्तर नसेल तर जे माहीत आहे ते दोन वाक्यांत सांग आणि खेळ पुढे चालू दे. आणि ‘तुलाच झालाय’ ही शिवी तुझ्या तोंडून कधीही निघू देऊ नकोस. ऐकणाऱ्यांतल्या ज्याला खरोखर मदतीची गरज आहे, त्याला तुझ्यापाशी बोलायचा धीर झाला पाहिजे.

तुझा,
श्रीकाका