कार्ड विभागातून काढायचे, खोक्यातून नव्हे

प्रश्न : मी एका इंटरनेट कंपनीत कामाला आहे. आमच्या सिस्को सीआरएस राउटरचे आभासी विभाग केले आहेत. त्यांतल्या एका विभागातून एक लाइन कार्ड काढायचे आहे. त्यासाठी कार्ड उपसावे लागेल का? बाकीचे विभाग बंद पडतील का?
— एक वाचक, लहरीपुरा, वडोदरा

उत्तर : दोन्हींचे उत्तर ‘नाही’. सीआरएस-१ हा राउटर २००४ मध्ये आला. त्यातली ही विभागणी, म्हणजे सिक्युअर डोमेन राउटर (एसडीआर), निव्वळ कॉन्फिगरेशनची आहे. स्क्रू-ड्रायव्हर पेटीतच राहू द्या. भाडेकरूने सोडलेली खोली घरमालकाकडे जाते, तसे काढलेले कार्ड आपोआप मूळ, म्हणजे ‘ओनर’ विभागात जाते.

रूट-सिस्टीम अधिकार असलेल्या खात्याने अ‍ॅडमिन कॉन्फिगरेशनमध्ये जा. त्या विभागाच्या नावाखाली ‘नो लोकेशन’ लिहून कार्डाचा स्लॉट द्या आणि कमिट करा. ‘शो एसडीआर’ने खात्री करून घ्या.

पण त्याआधी बॅकअप घ्या आणि त्या कार्डाच्या इंटरफेसचे कॉन्फिगरेशन साफ करा. कार्ड रीस्टार्ट होते, त्यामुळे त्याच्यावरचे ग्राहक तेवढा वेळ तुटणारच. त्यांना आधी कळवा. विभाग चालवणारे प्रोसेसर कार्ड मात्र आधी काढू नका. अख्खा विभागच नको असेल, तर ‘नो एसडीआर’ आणि विभागाचे नाव पुरते. सगळी कार्डे ओनरकडे परततात.

काम रात्री करा, पण नवरात्रात नको. तेव्हा वडोदरा रात्री उशिरापर्यंत जागे असते!