गावाच्या नावात दडलेला इतिहास



कसारा किंवा कर्जतला घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिन लावतात. त्याला आपण 'बँकर' म्हणतो. अमेरिकेत अशा इंजिनाला 'हेल्पर' म्हणतात, आणि तिथल्या युटा राज्यात हेल्पर नावाचं एक गावच आहे! सोल्जर समिटचा चढ चढायला कोळशाच्या जड गाड्यांना इथेच जादा इंजिनं जोडत. त्यावरूनच गावाला नाव पडलं.

गावातल्या जुन्या हॉटेलच्या इमारतीत आज रेल्वे आणि खाणींचं संग्रहालय आहे. हा पाठ घेताना मुलांना फक्त इंजिनांपाशी थांबवू नका. विचारा, "गाडीतला कोळसा कोणी काढला?" जवळच्याच कॅसल गेट खाणीत ८ मार्च १९२४ रोजी स्फोट झाला आणि १७२ जण गेले. कोळशाची धूळ पाणी मारून पुरेशी बसवली नव्हती. मृतांमध्ये ग्रीस, इटलीहून पोटासाठी आलेले कितीतरी कामगार होते. म्हणजे त्या गावाचा इतिहास रुळांचा जितका, तितकाच या माणसांचाही.

आता आपल्या वर्गासाठी उपक्रम. मुलांनी घरातलं कामाचं एक जुनं अवजार आणावं आणि आजी-आजोबांना तीन प्रश्न विचारावेत :

१) हे कोण वापरायचं?
२) ते माणूस कुठून आलं?
३) कामात धोका काय होता?

उत्तरं चिठ्ठीवर लिहून अवजाराशेजारी ठेवा. माणसाचं नाव मात्र सगळ्यात वर, ठळक अक्षरांत लिहायला सांगा. झालं तुमच्या वर्गाचं संग्रहालय!