पंधराशे कोटी आणि बारावीचा चौथा गट

"सर, सरकारनं बॅटरीला पंधराशे कोटी दिलेत म्हणे. मग हिला या कोर्सला घालू का?"

चिपळूणचे एक दुकानदार मुलीला घेऊन आले होते. हातात गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक, सहा महिन्यांच्या 'ईव्ही बॅटरी तज्ज्ञ' कोर्सचं. फीचा आकडा बारीक अक्षरात आणि 'नोकरीची हमी' ठळक. मुलगी बारावी सायन्सची. केमिस्ट्रीत गुण उत्तम, पण खुर्चीत बसल्यापासून तिनं तोंड उघडलं नव्हतं.

बातमी खरी आहे. ३ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं क्रिटिकल मिनरल्सच्या पुनर्चक्रीकरणासाठी १,५०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली. मुदत २०३०-३१ पर्यंत. लिथियम, कोबाल्ट, निकेल यांच्यासाठी आपण परदेशावर अवलंबून आहोत, तेव्हा जुन्या बॅटऱ्या आणि ई-कचरा यातून ते इथंच काढा, असा हा मामला. यंत्रसामग्रीच्या खर्चावर २० टक्के अनुदान, शिवाय वाढीव विक्रीवर काही वर्षं चालवणखर्चाला मदत. सुमारे ७० हजार प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष रोजगार होतील, हा सरकारचा अंदाज. माहितीपत्रकात हा अंदाज 'संधी' होऊन आला होता आणि 'अप्रत्यक्ष' हा शब्द वाटेत गळला होता.

मी पालकांना नेहमी सांगतो, योजनेचा आकडा वाचू नका, अटी वाचा. या योजनेत एक अट मला फार बोलकी वाटते. नुसता ब्लॅक मास तयार करणाऱ्याला पैसे नाहीत. प्रत्यक्ष खनिज वेगळं काढणाऱ्यालाच मिळणार.

ब्लॅक मास म्हणजे काय? वापरून संपलेल्या बॅटऱ्या आधी डिस्चार्ज करतात, मग हवेशी संपर्क टाळून भरडतात. प्लास्टिक, तांब्याची आणि अ‍ॅल्युमिनियमची फॉइल वेगळी होते आणि मागे उरते काजळीसारखी काळी पूड. ग्रॅफाइट आणि महागाचे धातू एकत्र कालवलेले. आपल्याकडे आजवर बऱ्याच जणांची धाव एवढीच होती. भरडा, पोती भरा, पुढं विका.

खरं काम पोत्यानंतर सुरू होतं. पूड सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये, जोडीला हायड्रोजन पेरॉक्साइड घालून विरघळवायची. मग त्या द्रावणातून एकेक धातू बाजूला काढायचा. पीएच अर्ध्या अंकानं इकडचा तिकडं झाला तर नको तो धातू सोबत येतो आणि अख्खी बॅच पुन्हा फिरवावी लागते. सारं जमलं की कोबाल्ट सल्फेटचे गुलाबी खडे मिळतात, निकेल सल्फेटचे हिरवे, आणि बहुधा सर्वांत शेवटी लिथियम कार्बोनेटची पांढरी पूड. बॅटरीसाठी लागणारी शुद्धता इतकी कडक, की लोखंडाचे काही कणही चालत नाहीत.

आता सांगा, या कामाला कोण लागतं? केमिकल इंजिनिअर, मेटलर्जीवाला, विश्लेषणात हात बसलेला केमिस्ट, इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस, आणि रात्रपाळीत पंपाच्या आवाजातला फरक ओळखणारा ऑपरेटर. 'बॅटरी तज्ज्ञ' नावाचं पद मला तरी अजून कुठल्या कारखान्याच्या हजेरीपटावर दिसलेलं नाही.

बॅटरी म्हटलं की आपण तीन वेगळे धंदे एका शब्दात कोंबतो. तयार सेल जोडून पॅक बांधणं हा एक. चाकणच्या पट्ट्यात ते काम चालतं, त्याला इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्स लागतं आणि अल्पमुदतीच्या कोर्सचा उपयोग झालाच तर इथं होतो. दुसरा धंदा सेल बनवण्याचा. तिथली ड्राय रूम इतकी कोरडी ठेवतात की माणसाच्या श्वासातला आणि घामातला ओलावासुद्धा हिशेबात धरावा लागतो. एका वेळी आत किती जणांनी जायचं यावर मर्यादा असते. तिसरा धंदा साहित्याचा, म्हणजे वर सांगितला तो. अनुदानाचा ओघ आता या तिसऱ्याकडं वळतो आहे आणि पालकांना नेमका तोच माहीत नाही.

"पण सर, सरकारी पैसा म्हणजे खात्रीच की," दुकानदार म्हणाले. धंदेवाल्या माणसानं असं म्हणावं याचं मला नवल वाटलं. उधारीवरचा माल आणि गल्ल्यातला पैसा यांतला फरक त्यांना मी काय सांगणार! मे २०२१ मध्ये सेलनिर्मितीसाठी १८,१०० कोटींची पीएलआय, म्हणजे उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहनाची, योजना आली, लक्ष्य ५० गिगावॅट-तासांचं. २०२२ मध्ये चार बोलीदार निवडले, त्यातला एक गळला. त्यामुळं उरलेल्या क्षमतेतल्या १० गिगावॅट-तासांसाठी पुन्हा बोली मागवावी लागली आणि ती २०२४ मध्ये रिलायन्सला मिळाली. शिवाय त्या योजनेतलं प्रोत्साहन सेल विकल्यावर, तेही देशातल्या मूल्यवर्धनाच्या अटी पाळल्या तरच. अमेरिकेतही तेच. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथल्या ऊर्जा खात्यानं वीस कंपन्यांना २.८ अब्ज डॉलर जाहीर केले, आणि त्यातल्या मायक्रोव्हास्टचे २० कोटी डॉलर मे २०२३ मध्ये देण्याआधीच थांबवले. जाहीर झालेला पैसा आणि उभा राहिलेला कारखाना यांच्या मध्ये बरीच वर्षं जातात. मुलाची अ‍ॅडमिशन त्या फटीत अडकवू नये.

त्यापेक्षा मी कायद्याकडं बघतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणं बॅटरी विकणाऱ्या उत्पादकावरच ती गोळा करून पुनर्चक्रीकरणाला पाठवण्याची जबाबदारी आहे, आणि ईव्हीच्या बॅटरीतलं किती साहित्य परत मिळवायचं याची टक्केवारी २०२६-२७ पर्यंत ९० वर नेली आहे. अनुदानाला शेवटची तारीख असते. ही जबाबदारी मात्र जोवर बॅटऱ्या विकल्या जातील तोवर राहणार.

शिकायचं कुठं? मेटलर्जीसाठी पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी, आयआयटी मुंबई. ही शाखा कॅप राउंडमध्ये लोक शेवटी शेवटी भरतात, कॉम्प्युटरचा दरवाजा लागला की. मला हा वेडेपणा वाटतो. केमिकलसाठी मुंबईचं आयसीटी, म्हणजे जुन्या पिढीचं यूडीसीटी. तमिळनाडूत कराइकुडीला सेक्री ही इलेक्ट्रोकेमिस्ट्रीची राष्ट्रीय प्रयोगशाळा. पुढं संशोधन करायचं तर राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशनखाली ऑगस्ट २०२५ मध्ये सात संस्थांना उत्कृष्टता केंद्राचा दर्जा मिळाला, त्यात आयआयटी मुंबईही आहे. पुण्याच्या आयसरबरोबर केपीआयटी कंपनीनं सोडियम-आयन बॅटरीचं तंत्र २०२३ मध्ये मांडलं. त्यात लिथियमच नाही! रसायन असं पायाखालून सरकतं, म्हणून पाया रुंद हवा. आज कोबाल्ट काढण्यापुरतं शिकलेला उद्या कोबाल्ट नसलेल्या बॅटरीसमोर काय करील?

दहावीनंतर आयटीआयला जाणाऱ्यांनी एओसीपी आणि एलएसीपी या दोन ट्रेडची चौकशी जरूर करावी: अटेंडंट ऑपरेटर आणि लॅबोरेटरी असिस्टंट, दोन्ही केमिकल प्लांटचे. बीएस्सी केमिस्ट्रीवाल्यांनी अप्रेंटिसशिपला कमी लेखू नये.

घरापासून लांब जावं लागेल, हेही आताच बोलून घ्यावं. सेलचे मोठे प्रकल्प कृष्णगिरी, जामनगर, साणंद, बेंगळुरू, तेलंगणातलं महबूबनगर असे विखुरलेले आहेत.

"आणि केमिकल म्हणजे तो वास," दुकानदार शेवटी म्हणाले. इतका वेळ मनात होतं ते हे. लोट्याची केमिकल कारखान्यांची वसाहत त्यांच्या गावापासून फार लांब नाही. ही शंका मी उडवून लावत नाही. बॅटरी भरडताना हायड्रोजन फ्लोराइड सुटू शकतो आणि तो गंमत नव्हे. मुलाखतीला जाल तेव्हा पगाराआधी वायू धुणारा स्क्रबर चालू आहे का, सांडपाणी कुठं जातं, हे विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर तिथं जाऊ नका. आणि हे प्रश्न विचारता येण्यासाठी केमिस्ट्रीच शिकावी लागते.

मी मुलीकडं वळलो. "प्रॅक्टिकलला सॉल्ट अ‍ॅनालिसिस केलंस ना? निकेल, कोबाल्ट, मँगनीज कुठल्या गटात?"

"चौथ्या," ती पटकन म्हणाली. "अमोनियाकल द्रावणात एच टू एस सोडायचा. मग निकेलला डीएमजी, लालभडक साका येतो. मला तोच सगळ्यांत आवडायचा."

"एच टू एस म्हणजे?" वडिलांनी विचारलं.

"सडक्या अंड्याचा वास, बाबा. तुम्ही म्हणायचात ना, दप्तराला कसला वास येतो? तोच."