पूर्णेच्या खोऱ्यातील गाव : काळी, पांढरी आणि नदीचा घाट

सातपुड्यात उगम पावणारी पूर्णा नदी अमरावती, अकोला व बुलडाणा या जिल्ह्यांतून वाहत जाऊन तापीस मिळते. तिच्या खोऱ्यातील जमीन काळी, खोल व चिकण आहे. पाण्याचा निचरा मात्र मंद, आणि बऱ्याच भागात भूगर्भातील पाणी खारे. या खारपाणपट्ट्यात विहीर असूनही ओलिताची शाश्वती नसते. उलट, खारे पाणी वारंवार दिल्यास जमीनच बिघडते. म्हणून येथील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पावसावर कपाशी, ज्वारी, तूर व मूग घेत आला. रब्बीचा हरभराही तो जमिनीत मुरलेल्या ओलीवरच पिकवितो.

काळी आणि पांढरी

जुन्या व्यवहारात गावाची दोन अंगे मानीत. शेतीची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. धुऱ्याला धुरा लागून शिवार पुरे होई व शिवेवर दुसरे गाव सुरू होई. काळीचे उत्पन्न पांढरीतील बलुतेदार, सालदार व मजूर या सर्वांना पोशी. त्यामुळे एका घराचे वावर गेले, की त्याची झळ अनेक घरांना लागे.

एकोणिसाव्या शतकात ही घडी विस्कटू लागली. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व भाव आला. पाठोपाठ रेल्वे आली. युद्ध संपताच भाव उतरले. नगदी पिकाबरोबर शेतकऱ्याचा बाजाराशी व सावकाराशी संबंध वाढत गेला होता, आणि अनेकांची शेती गहाण पडली.

दापुऱ्याचा अनुभव

संत गाडगेबाबांचे बालपण याच परिस्थितीत गेले. त्यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. वडील व्यसनापायी अकाली वारले. बाळ डेबूजी आईसह मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामांच्या घरी आला. गुरे राखणे, वखरणी, डवरणी ही कामे तो तेथेच शिकला. मात्र मामांची जमीनही सावकारी कर्जात गेली. कर्ज, व्यसन आणि सणासमारंभातील उधळपट्टी यांवर बाबांनी पुढे कीर्तनांतून आयुष्यभर आघात केले. त्यांचे मूळ या अनुभवात होते.

ऋणमोचनचा घाट

पूर्णेकाठच्या ऋणमोचन येथे मुद्गलेश्वराचे देवस्थान असून पौषातील रविवारी यात्रा भरते. नदीच्या निसरड्या चिकणमातीमुळे यात्रेकरूंचे हाल होत. गाडगेबाबांनी तेथे स्वतः श्रम केले आणि 1908 च्या सुमारास घाट उभा राहिला. देवदर्शनासाठी जमलेला समुदाय सार्वजनिक कामालाही हात लावू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

इंग्लंडच्या ग्रामीण भागातही असाच संबंध आढळतो. तेथे एका चर्चच्या क्षेत्रास पॅरिश म्हणतात. 1555 च्या कायद्याने रस्त्यांच्या दुरुस्तीचे व 1601 च्या कायद्याने गरिबांच्या पोषणाचे दायित्व या पॅरिशवर सोपविले गेले. 1894 मध्ये निर्वाचित पॅरिश कौन्सिले स्थापन होऊन नागरी कारभार चर्चपासून वेगळा झाला. 

ग्रामसभेचे कर्तव्य

आपल्याकडे हे स्थान ग्रामसभेचे आहे. खारपाणपट्ट्यातील गावाने पावसाचे गोडे पाणी शेततळ्यांत साठविणे आणि नाल्यांचा निचरा मोकळा ठेवणे, ही कामे एकट्या खातेदाराच्या आवाक्याबाहेरची आहेत. त्यांचे नियोजन संपूर्ण शिवार डोळ्यांसमोर ठेवूनच व्हावयास हवे. तसेच, बेकायदा सावकारीतून बळकावलेली जमीन परत मिळविण्याची तरतूद महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 मध्ये आहे. सहकार खात्याच्या निबंधकाकडे त्यासाठी अर्ज करता येतो. ही माहिती प्रत्येक खातेदारापर्यंत पोहोचविणे हे ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या हाती आहे.

दापुऱ्यातील एका कुटुंबाचे वावर गेले, तेव्हा त्याच्या पाठीशी असा कायदा नव्हता. आज तो आहे. त्याचा उपयोग होतो की नाही, हे गावाच्या जागरूकतेवरच अवलंबून राहील.