मनगटाचा रिलीजर की मुठीतला?

कंपाऊंड धनुष्याची दोरी सहसा बोटांनी सोडत नाहीत. दोरीवर बांधलेल्या डी-लूपमध्ये रिलीजरचा आकडा अडकवायचा, धनुष्य ओढायचे आणि रिलीजरनेच दोरी मोकळी करायची, अशी पद्धत आहे. रिलीजरची घराणी दोन. इंडेक्स रिलीजर पट्ट्याने मनगटाला बांधतात आणि त्याचा ट्रिगर तर्जनीने दाबतात. हँडहेल्ड रिलीजर तीन किंवा चार बोटांत धरतात. त्यात अंगठ्याने चालणारा थंब, हात फिरला की सुटणारा हिंज आणि ठरावीक ताण आला की सुटणारा टेन्शन रिलीजर असे प्रकार येतात. जागतिक तिरंदाजी महासंघाच्या नियमांत हे सगळे बसतात. रिलीजर धनुष्याला जोडलेला नसावा आणि त्यात विजेवर चालणारा भाग नसावा, एवढीच अट.

ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाऊंडमध्ये वैयक्तिक विश्वविजेते झाले. ओजसने अंतिम सामन्यात 150 पैकी 150 गुण घेतले. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धाही येते आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरची मुले या खेळाकडे वळली तर त्यात नवल नाही. अडचण साहित्याची आहे. फर्निचर आणि जीन्ससाठी लांबून गिऱ्हाईक उल्हासनगरला येते, पण रिलीजर हातात घेऊन, ओढून पाहून घेण्याची सोय इथल्या खेळाडूला क्वचितच मिळते. मोबाइलवरचा फोटो पाहून मागवायचा आणि आल्यावर जमवून घ्यायचे, हीच रीत पडली आहे.

बदलापुरातल्या एका कॉलेजच्या मुलाचा अनुभव इथे सांगण्यासारखा आहे. इंडेक्सवर त्याचे बाण फाकू लागले होते. लक्ष्याच्या पिवळ्यावर साइटची पिन आली की बोट आपोआप ट्रिगरवर आपटायचे. हिंज घेतला की ही खोड जाते असे ऐकून त्याने ऑनलाइन हिंज मागवला आणि तो हातात पडला त्याच संध्याकाळी इमारतीच्या गच्चीवर बाण लावून धनुष्य ओढले. धनुष्य अर्धे ओढले असतानाच हिंज सुटला. मूठ तोंडावर बसून ओठ फाटला. बाण कठड्यावरून पलीकडच्या पत्र्यावर गेला. खाली कोणी नव्हते म्हणून प्रकरण टाक्यांवर निभावले. मोठ्या माणसाच्या कंपाऊंडमधून सुटलेला बाण सेकंदाला 80 मीटरच्या आसपास जातो. भिंतीला भिंत लागलेल्या या वस्तीत गच्चीवर बाण चढवणे कोणत्याही रिलीजरने सुरक्षित होत नाही.

हे का घडले ते हिंजच्या रचनेतून कळते. त्याच्या आत अर्धचंद्राकृती तुकडा असतो. रिलीजर फिरला की आकडा या तुकड्याच्या कडेवरून घसरतो आणि दोरी सुटते. म्हणून ओढताना सगळा भार तर्जनीवर आणि अंगठ्याच्या खुंटीवर ठेवायचा, आणि अँकर लागल्यावरच, म्हणजे हात चेहऱ्यावरच्या ठरलेल्या जागी टेकल्यावरच, तो हळूहळू मधल्या बोटांकडे सोडायचा. इंडेक्सवर वाढलेल्या हाताला हे ठाऊक नसते. तिथे ट्रिगरपासून बोट दूर ठेवले की काम झाले, मनगट कसेही वळले तरी चालते. त्याच सवयीने हिंज ओढला की बाहेरची बोटे आधी ताण घेतात आणि रिलीजर वाटेतच फिरतो.

बोट आपटण्याचे मूळ बहुतेकदा याहून साध्या जागी सापडते. इंडेक्सचा दांडा लांब ठेवलेला असेल तर तर्जनीचे फक्त टोक ट्रिगरपर्यंत पोचते, आणि टोकाने हळुवार दाबता येत नाही, टिचकीच बसते. दांडा आखूड करून ट्रिगर बोटाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पेराच्या मधल्या घडीत आणावा. बोट आकड्यासारखे वाकवून तसेच ठेवावे आणि कोपर मागे नेत राहावे, म्हणजे पाठीच्या ओढीनेच ट्रिगर सुटतो. पट्टा बकलचा असलेला बरा. वेल्क्रो घामाने सैल होते आणि दर खेपेला वेगळ्या जागी बसते. पुष्कळांचा आजार एवढ्यानेच बरा होतो, नवी खरेदी लागतच नाही.

नवशिक्याने, विशेषतः शालेय वयातल्या मुलाने, इंडेक्सपासूनच सुरुवात करावी. भार मनगटावर येतो, पकडीची ताकद कमी लागते आणि रिलीजर हातातून निसटत नाही. 50 मीटरवर 72 बाणांची फेरी नियमित मारू लागलेल्याला मात्र हँडहेल्ड पुढे नेतो. मुठीची दोन बोटे जबड्याच्या हाडावर टेकतात, त्यामुळे अँकर दर वेळी त्याच जागी बसतो. त्यातही पहिला थंब घ्यावा आणि बटण अंगठ्याच्या पेरात बसेल असे लावून घ्यावे. टेन्शन रिलीजरचे गणित वेगळे. 60 पाउंडाचे धनुष्य 75 टक्के लेट-ऑफवर, म्हणजे पूर्ण ओढीत भार तितका घटल्यावर, हातात 15 पाउंडच उरते. रिलीजर त्याहून तीन-चार पाउंड वर लावतात. पूर्ण ओढ होण्याआधी सेफ्टी सोडली तर तोही तोंडावरच सुटणार.

नवा हँडहेल्ड आधी धनुष्याला लावूच नये. मजबूत दोरीचा आपल्या ड्रॉ लेंग्थएवढा फास करावा, एक टोक धनुष्याच्या हाताच्या पंजात धरावे, दुसऱ्यात रिलीजर अडकवून ओढावे. चुकीच्या वेळी सुटला तर कळते आणि कोणालाही इजा होत नाही. हा सराव घरात बसून होतो, पावसाळ्यात तर हाच करता येतो. सुटण्याची वेळ हाताला पटली की मैदानावर, दोन-तीन मीटरवरच्या कोऱ्या बटावर, शक्य असेल तर कमी पाउंडेज लावून मारावे. प्रशिक्षक जवळ असेल तेव्हाच हिंजला हात घालावा.

रिलीजर बदलला की अँकर बदलतो आणि त्याच्याबरोबर डोळ्यापासून पीपचे, म्हणजे दोरीतल्या नेम धरण्याच्या छिद्राचे, अंतरही. डी-लूप किंवा ड्रॉ लेंग्थ थोडी कमी-जास्त करावी लागते, पीप वर-खाली सरकवावा लागतो, साइटचे आकडे सगळ्या अंतरांवर नव्याने घ्यावे लागतात. स्पर्धा तोंडावर असताना हा बदल हाती घेतला की जुना नेमही जातो आणि नवाही बसलेला नसतो. पाऊस थांबल्यापासून हंगाम सुरू होईपर्यंतचा काळ त्यासाठी राखून ठेवावा.

हँडहेल्ड मनगटाला बांधलेला नसल्याने हरवतो. बदलापूर लोकलच्या गर्दीत उघड्या खिशातून तो पडला तर सापडत नाही, आणि चांगल्या थंबची किंमत सहज दहा हजारांच्या वर जाते. धनुष्याच्या पेटीतच त्याची जागा ठरवावी. दुसरा रिलीजर जवळ ठेवणाऱ्याने तो त्याच मॉडेलचा, त्याच सेटिंगचा आणि आधी मारून पाहिलेला ठेवावा. पावसात वापरलेला रिलीजर घरी आल्यावर कोरडा करावा. ओलाव्याने आकड्याच्या कडेवर गंज धरला की सुटण्याचा ताण बदलतो. ही कड झिजली किंवा डी-लूपचे धागे विस्कटले, तर ते बदलेपर्यंत त्या धनुष्यावर बाण चढवू नये.