एक वाटी म्हणजे किती ग्रॅम?



नागपंचमीच्या निमित्ताने सातवीच्या मुलांना आम्ही आजीला विचारून पातोळ्यांची कृती लिहून आणायला सांगितली होती. एका मुलीच्या आजीने सांगितले: दोन वाट्या तांदळाचे पीठ, दोन वाट्या पाणी, एक वाटी खवलेला नारळ, पाऊण वाटी गूळ. त्यांची वाटी 200 मिलिलिटरची. म्हणून मुलीने वहीत लिहिले: पीठ 400 ग्रॅम, नारळ 200 ग्रॅम, गूळ 150 ग्रॅम. आईने वहीप्रमाणे सामान तोलून घेतले. उकड कोरडी पडली, चून फिके झाले. दुसऱ्या दिवशी मुलीने विचारले, "सर, आजीचे चुकले की माझे?"

आजीचे काहीच चुकले नव्हते. वाटी जागा मोजते, तराजू वजन मोजतो. दोन्ही आकडे सारखे येतात ते फक्त पाण्याचे. विज्ञानाच्या पुस्तकातले सूत्र आठवा: वस्तुमान = आकारमान × घनता. 200 मिलिलिटरच्या सपाट वाटीत साधारण एवढे मावते:

पाणी – 200 ग्रॅम
तेल – 184 ग्रॅम
साखर किंवा तांदूळ – 170 ग्रॅम
रवा – 140 ग्रॅम
तांदळाचे पीठ – 130 ग्रॅम
मैदा – 105 ग्रॅम
खवलेला नारळ – 80 ग्रॅम

म्हणजे आजीचे पीठ 260 ग्रॅम होते, वहीतले 400. पाणी मात्र तेवढेच राहिले. मग उकड मळणार कशी? नारळ तर अडीचपट झाला, गूळ तेवढा वाढला नाही.

आपल्या वाडवडिलांना हा फरक चांगला ठाऊक होता. भात कुडवाने मापायचे, वीस कुडवांची एक खंडी. हे माप जागेचे. घाटावर चार शेरांची पायली, तोही मापी शेर. वजनी शेर वेगळा, 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. 1956 च्या कायद्याने देशभर किलो आणि लिटर आले. दुकानात आता किलो चालतो, आपल्या स्वयंपाकघरात मात्र अजून वाटीच चालते. आम्ही हिंदी माध्यमात शिकलो. तिथे तिला कटोरी म्हणत, पण घोटाळा हाच होता.

तराजू नसला तरी घरी हे करून पाहा:

1. एक लिटर पाण्याची भरलेली बाटली घ्या. तिच्यातून किती वाट्या भरतात ते मोजा. पाच भरल्या तर वाटी 200 मिलिलिटरची.
2. एक किलो पिठाचे नवे पाकीट सपाट वाटीने मोजा. साडेसात वाट्या निघाल्या तर 1000 ÷ 7.5 = सुमारे 133 ग्रॅम.
3. पीठ दाबून भरू नका, शीग काढून टाका. दाबलेले किंवा शिगेचे माप प्रत्येक वेळी वेगळे येते.

पातोळी बिघडली तर हसून खाता येते. पण जुलाब झालेल्या मुलासाठी मीठ-साखरेचे पाणी करताना चूक चालत नाही. ओआरएसचे पाकीट केव्हाही उत्तम. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा 5 मिलिलिटरचा, चहाचा. जेवणाचा मोठा चमचा 15 मिलिलिटरचा असतो. तो घेतला तर मीठ तिप्पट होईल आणि बाळाला अपाय होईल.

या महिन्याचा गृहपाठ असा: आजीची एक कृती लिहून आणा. वाटी तिचीच ठेवा, पण बाजूला मिलिलिटर आणि प्रत्येक वस्तूचे ग्रॅमही लिहा. पालकांनी मुलांबरोबर बसावे. आजीची वाटी उद्या हरवली, तरी तिच्या हातचे प्रमाण तुमच्या वहीत राहील.