वस्तीतली पोरं बिघडणारच?

‘वस्तीतली पोरं, ती बिघडणारच.’ हे वाक्य आपण शाळेत ऐकतो, दवाखान्यात ऐकतो. कधी आपल्याच तोंडून निघते. ते खरे आहे का? अमेरिकेतल्या विद्यापीठांनी अशाच एका समजाची तपासणी केली आहे. ती या वेळी समजून घेऊ.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९४-९५ मध्ये ‘ॲड हेल्थ’ हा अभ्यास सुरू केला. देशभरातल्या शाळांतून सातवी ते बारावीची मुले निवडली आणि २० हजारांहून अधिक मुलांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या. नाजूक प्रश्न हेडफोनवर ऐकवले. उत्तरे मुलांनी स्वतः लॅपटॉपवर नोंदवली. शेजारी आई बसलेली असली तरी तिला काही कळत नव्हते. खरे उत्तर हवे तर मुलाला असा आडोसा द्यावा लागतो, हे आपणही लक्षात ठेवावे.

या माहितीवरून मिनेसोटा विद्यापीठाचे रॉबर्ट ब्लम आणि सहकाऱ्यांनी २००० साली पाच गोष्टी तपासल्या: सिगारेट, दारू, हत्याराची मारामारी, आत्महत्येचे विचार किंवा प्रयत्न, आणि लैंगिक संबंध. मूल कोणत्या वंशाचे, घरची कमाई किती, घरात आई-वडील दोघे की एकच, या तिन्ही गोष्टी एकत्र धरल्या. तरी मुलामुलांच्या वागण्यातल्या फरकाचा जास्तीत जास्त १० टक्के भाग त्यातून उलगडला. मोठ्या मुलांत तर ७ टक्केच.

म्हणजे वंश आणि घरची गरिबी पाहून कोणते मूल वाट चुकेल हे ओळखता येत नाही. गरिबीचा त्रास खोटा, असा याचा अर्थ नाही. पोषण, उपचार, शिक्षण यांवर तिचा घाला पडतोच. पण मुलाच्या कपाळावर ‘बिघडणारच’ असा शिक्का मारायला आधार नाही.

मग फरक कशाने पडतो? याच अभ्यासातल्या १२,११८ मुलांची माहिती मायकेल रेस्निक यांच्या गटाने १९९७ मध्ये मांडली. ज्या मुलांना घरात माया आणि आपलेपणा वाटत होता, आणि ज्यांना शाळा आपली वाटत होती, शिक्षक आपल्याशी न्यायाने वागतात असे वाटत होते, त्यांच्यात मानसिक त्रास, आत्महत्येचे विचार, मारामारी, व्यसन हे सारे कमी आढळले. आठवड्याला २० तास किंवा जास्त काम करणाऱ्या मुलांत मात्र मानसिक त्रास आणि व्यसन जास्त दिसले. अशा पाहणीतून ‘यामुळेच ते झाले’ असे ठामपणे म्हणता येत नाही, पण दिशा कळते.

त्या दिशेने आपण काय करू शकतो?

• दिवसातून एक वेळ मुलांसोबत बसून जेवू. त्या वेळी मार्क आणि तक्रारी बाजूला ठेवू.
• शाळेत पालकसभेला जाऊ. मुलाला वेगळे बसवले, हिणवले, तर गप्प न राहता विचारू.
• शिकणाऱ्या मुलावर कामाचे ओझे किती पडते, ते तासांत मोजू.
• ‘जगावंसं वाटत नाही’ असे मूल म्हणाले, तर नाटक समजू नये. त्याला एकटे न सोडता जवळ बसून ऐकावे. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येते.

घर दहा बाय दहाचे असले तरी त्यात मुलाचे ऐकून घ्यायला जागा होते.